ज्युरी ड्यूटीचं समन्स आलंय आणि हातात काम भरपूर आहे: कॅलिफोर्नियातल्या नोकरदारांसाठी

काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचं पाकीट टपालात येतं. आत बारकोड छापलेला कागद असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं की अमुक आठवड्यात तुम्ही ज्युरीसाठी, म्हणजे खटला ऐकून निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटासाठी, हजर राहायचं आहे. नेमकी त्याच आठवड्यात रिलीज असते, ऑन-कॉलची पाळी असते, नाहीतर भारतातून आई-बाबा येणार असतात. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा होते. एक जण सांगतो, 'फेकून दे, काही होत नाही.' दुसरा सांगतो, 'इंग्रजी येत नाही म्हण.' तिसऱ्याचा सल्ला असतो, 'मी पक्षपाती आहे असं सांग, सोडून देतात.' यातला एकही सल्ला ऐकू नका.

आपली गडबड होते याचं कारण साधं आहे. आपण लहानाचे मोठे झालो तेव्हा घरातलं कुणी ज्युरीवर गेलेलं आपण पाहिलंच नाही. भारतात एके काळी ज्युरी होती, पण 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. त्यामुळे कोर्टाचा कागद म्हणजे काहीतरी लचांड, एवढंच मनात बसलेलं असतं. हे समन्स तसं नाही. तुमच्यावर कुणी खटला भरलेला नाही. कोर्टाला तुमच्याकडून काही दिवसांचं काम हवं आहे, आणि ते कोणत्या आठवड्यात करायचं हे बऱ्याच अंशी तुम्हाला ठरवता येतं.

मी या प्रक्रियेतून गेले आहे. कागद हाती आल्यापासून हजेरीचं प्रमाणपत्र एचआरला देईपर्यंतचा क्रम इथे मांडते आहे. सगळी माहिती कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयांची आहे. न्यू जर्सी, टेक्सस किंवा इतर राज्यांतले नियम आणि भत्ते वेगळे आहेत. तिथल्या वाचकांनी क्रम इथून घ्यावा आणि आकडे आपल्या समन्सवरून.

1. कागद कुणाच्या नावाचा आहे आणि कुठल्या कोर्टाचा आहे, ते आधी पाहा

एकाच घरात नवरा नागरिक, बायको ग्रीन कार्डवर, सासूबाई व्हिजिटर व्हिसावर अशी सरमिसळ असते. समन्स ज्याच्या नावाचं आहे त्यानेच उत्तर द्यायचं. दुसऱ्या कुणी 'त्याच्या वतीने' जायचं नाही.

मग कोर्ट पाहा. वर 'सुपीरियर कोर्ट ऑफ कॅलिफोर्निया, काउंटी ऑफ…' असं असेल तर ते राज्य न्यायालय. 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' असेल तर ते फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, आणि तिथले नियम, भत्ता, अंतर सगळंच वेगळं. फेडरल कोर्टाकडून बहुधा आधी नुसती प्रश्नावली येते. तीही भरून पाठवावीच लागते.

पत्ता नीट वाचा. एकाच काउंटीत बरीच कोर्टं असतात. सांता क्लारा काउंटीत सॅन होजे, पालो आल्टो आणि मॉर्गन हिल अशा वेगवेगळ्या गावांत कोर्टाच्या इमारती आहेत. घराजवळचं कोर्ट असेल असं गृहीत धरून सकाळी भलत्याच पार्किंगमध्ये गाडी लावणारी माणसं असतात.

आता फसवणुकीबद्दल. समन्स टपालाने येतं. 'तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवली, अटक वॉरंट निघालंय, आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डने दंड भरा' असा फोन आला तर तो भामटा आहे. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही, सोशल सिक्युरिटी नंबर किंवा कार्डाचा नंबरही मागत नाही. नव्याने आलेल्या आणि कायद्याला मनापासून घाबरणाऱ्या माणसांना हे फोन फार लवकर खरे वाटतात. घरातल्या ज्येष्ठांना हे आजच सांगून ठेवा.

2. तुम्ही पात्र आहात का? ही पायरी घाईत उरकू नका

पात्रतेच्या अटी थोडक्यात अशा: वय किमान 18, अमेरिकेचं नागरिकत्व, त्याच काउंटीत राहणं आणि खटला समजण्यापुरतं इंग्रजी.

नागरिक नसलेल्यांनाही समन्स येतं, आणि त्यात कोर्टाने तुमच्याबद्दल काही ठरवलेलं नसतं. नावं मतदारयादीतून, डीएमव्हीच्या (वाहन परवाने देणाऱ्या खात्याच्या) परवान्यांतून आणि राज्याच्या करखात्याच्या यादीतून उचलली जातात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचा माणूस गाडी चालवतो, कर भरतो, म्हणून त्याचं नाव यादीत येतं. अशा वेळी समन्सच्या उत्तरात 'मी अमेरिकेचा नागरिक नाही' या पर्यायावर खूण करायची, मागितला असेल तर पुरावा जोडायचा आणि कागद पाठवून द्यायचा. विषय संपला.

इथला सापळा मात्र गंभीर आहे. ग्रीन कार्डवाल्या काही जणांना वाटतं की बोलावलंय तर जायला हवं, चांगल्या नागरिकासारखं वागायला हवं, आणि ते नागरिक असल्याच्या चौकटीत टिचकी मारून मोकळे होतात. ऑनलाइन फॉर्म भरताना घाईतही हे घडतं. त्या फॉर्मवरची सही खोटं सांगितल्यास शिक्षेला पात्र राहून केलेली असते. शिवाय नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं ही इमिग्रेशन कायद्यात अत्यंत जड बाब आहे. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात 'तुम्ही कधी अमेरिकन नागरिक असल्याचं सांगितलं आहे का' असा थेट प्रश्न असतो. म्हणून ती चौकट दोनदा वाचा. भरलेल्या फॉर्मची प्रत ठेवा. चुकीची खूण गेली असेल तर कोर्टाच्या ज्युरी विभागाला लगेच लेखी कळवा आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर परदेशस्थ भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढलं असलं तरी तुम्ही अमेरिकेचेच नागरिक असता, म्हणून त्या कारणाने सुटका नाही. नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी आपण जे 100 प्रश्न पाठ केले होते त्यांतही फक्त नागरिकांवर असलेली जबाबदारी कोणती, या प्रश्नाला 'ज्युरीवर काम करणं' हे एक उत्तर होतं.

'इंग्रजी येत नाही' हा पर्याय ज्यांना खरोखर येत नाही त्यांच्यासाठी आहे. उशिरा नागरिक झालेल्या, घरात मराठीच बोलणाऱ्या आजींनी तो निःसंकोच वापरावा. दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेणाऱ्याने तो वापरला तर ते सरळ सरळ खोटं आहे.

घर बदललं असेल तर काउंटी तपासा. फ्रीमाँटहून सनीव्हेलला गेलात तर अलामेडातून सांता क्लारात आलात. डब्लिनहून सॅन रॅमोनला गेलात तर अंतर चार पावलांचं, पण काउंटी बदलली. जुन्या काउंटीचं समन्स आलं तर 'आता इथे राहत नाही' असं कळवून नवा पत्ता द्या. डीएमव्हीलाही 10 दिवसांच्या आत पत्ता कळवावा लागतो. तो कळवला नाही तर समन्स जुन्याच घरी जात राहतं आणि तुमच्या नावावर गैरहजेरी जमत राहते.

3. उत्तर लगेच द्या

समन्स बाजूला ठेवून देणं ही सगळ्यांत महाग पडणारी गोष्ट. दुर्लक्ष केलं तर पुन्हा नोटीस येते आणि शेवटी कॅलिफोर्नियात 1500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठा तोटा असा, की तोवर तारीख निवडायची मोकळीक हातातून गेलेली असते.

बहुतेक काउंट्यांमध्ये वेबसाइटवर ज्युरर आयडी टाकून दहा मिनिटांत उत्तर देता येतं. पुष्टीचा ईमेल किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

4. तारीख पुढे ढकलणं आणि माफी मागणं, यातला फरक

कामात गुंतलेल्या माणसासाठी सगळ्यांत कामाची पायरी हीच. लोक माफी मागतात, ती नाकारली जाते, मग चिडचिड होते. खरं तर त्यांना हवी असते फक्त दुसरी तारीख.

कॅलिफोर्नियाच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की तुमची किंवा तुमच्या मालकाची गैरसोय हे माफीचं पुरेसं कारण नाही, मात्र तारीख पुढे ढकलण्यासाठी ते चालू शकतं. म्हणजे 'आमची रिलीज आहे', 'मी टीममध्ये एकटाच आहे', 'क्वार्टर एंड आहे' हे सगळं तारीख बदलायला उपयोगी आहे, सुटका व्हायला नाही. एकदा तारीख बदलून मिळणं साधारणपणे सोपं असतं आणि बऱ्याचदा ते ऑनलाइनच होतं. किती दिवस पुढे जाता येतं हे काउंटीच्या पानावर दिलेलं असतं.

माझा आग्रह असा, की ही सवलत विचार करून वापरा. पहिली रिकामी दिसेल ती तारीख उचलू नका. टीमचं कॅलेंडर, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या, भारतवारीची तिकिटं हे सगळं समोर ठेवून बसा. डिसेंबरअखेरचे आठवडे मोहक वाटतात, पण त्याच सुमाराला भारतात जायचं असेल आणि खटला लांबला तर फार ओढाताण होते. विमानाच्या आधीचा आठवडाही घेऊ नका. नवीन नोकरीचा पहिला महिना टाळा. कामाचा मोठा टप्पा संपल्यानंतरचा आठवडा उत्तम.

माफी मिळण्यासारखी कारणं वेगळी आहेत: दीड तासाहून जास्त लांबचा प्रवास, येण्याजाण्याचं साधनच नसणं, आजारपण किंवा अपंगत्व, दुसऱ्या कुणाची प्रत्यक्ष काळजी घेण्याची जबाबदारी, आणि अतोनात आर्थिक ओढ. 70 किंवा त्याहून जास्त वय असलेल्यांना प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरांचं पत्र लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला वर्षभरापर्यंत मुदत मागता येते. गेल्या 12 महिन्यांत ज्युरीसाठी हजर राहून आला असाल तर तेही कारण चालतं.

आर्थिक ओढीबद्दल दोन शब्द जास्त. ज्यांचा पगार चालूच राहतो त्यांना हे कारण लागू होत नाही. पण तासावर काम करणारा कॉन्ट्रॅक्टर, घरात पोळीभाजीचे डबे करून देणारी बाई, टॅक्सी चालवणारा, यांच्यासाठी ते अगदी खरं असू शकतं. अशांनी लाजू नये. घरात कमावणारे किती, अवलंबून असलेले किती, रोजचं किती बुडेल आणि मालक ज्युरीचा पगार देतो की नाही, हे कागदोपत्री मांडावं.

5. ऑफिसात सांगा, लेखी सांगा

समन्स हातात आलं त्याच आठवड्यात मॅनेजर आणि एचआर दोघांना ईमेल करा आणि समन्सची प्रत जोडा. पुरेशी आगाऊ सूचना दिली असेल तर ज्युरी ड्यूटीमुळे कॅलिफोर्नियात मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही किंवा तुमच्याशी डावं वागू शकत नाही. या संरक्षणाचा पाया म्हणजे ती आगाऊ सूचना. कॉफी पिता पिता तोंडी सांगितलेलं पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

ईमेल दोन-चार ओळींचा पुरे: 'मला अमुक काउंटीच्या कोर्टाकडून अमुक तारखेच्या आठवड्यासाठी ज्युरी समन्स आलं आहे. त्या आठवड्यात मला आदल्या संध्याकाळी कळेल की दुसऱ्या दिवशी जायचं आहे की नाही. निवड झाली तर खटल्याचा अंदाजे कालावधी त्याच दिवशी कळवेन. ज्युरी ड्यूटीच्या पगाराबद्दल कंपनीचं धोरण काय आहे ते कृपया सांगावं.'

शेवटचं वाक्य गाळू नका. कॅलिफोर्नियात खासगी मालकाने ज्युरीच्या दिवसांचा पगार दिलाच पाहिजे असा कायदा नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या काही दिवसांपर्यंत पूर्ण पगार देतात, लहान कंपन्या बहुधा देत नाहीत. तुम्ही ओव्हरटाइम न मिळणाऱ्या पगारदार श्रेणीत असाल आणि त्या आठवड्यात थोडंही काम केलं असेल, तर ज्युरीच्या गैरहजेरीसाठी पगार कापता येत नाही. फक्त कोर्टाकडून मिळालेला भत्ता वजा करता येतो. तासावर काम करत असाल तर आधीच विचारा. हवं असल्यास शिल्लक रजा वापरता येते.

मॅनेजर भला माणूस असला तरी 'काहीतरी करून सुटका करून घे ना' असं म्हणू शकतो. व्हिसावरून नुकत्याच सुटलेल्या आपल्या लोकांना बॉसला नाही म्हणणं जड जातं. तेव्हा शांतपणे एवढंच म्हणा, 'तारीख सोयीची घेतली आहे, पण जावं लागेल.' कोर्टाला कळवण्यासाठी कंपनीचं पत्र हवं असेल तर तेही फक्त तारीख बदलण्यासाठी मागा.

6. स्टँडबायचा आठवडा

समन्सवर एक गट क्रमांक असतो. ठरलेल्या आठवड्यात आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर किंवा फोनवर पाहायचं, की तुमच्या गटाला उद्या बोलावलंय का. असं जास्तीत जास्त पाच कामकाजाच्या दिवसांपर्यंत चालतं. पाचही दिवस नंबर लागला नाही तर तुमचं कर्तव्य पूर्ण झालं, आणि हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं.

यातला नेहमीचा घोळ असा: सोमवारी नाव नव्हतं म्हणून माणूस समजतो की सुटलो, आणि मंगळवारी पाहायचं विसरतो. पानावर 'पुन्हा तपासा' असं लिहिलं असेल तर तपासायचंच. काही वेळा सकाळी पाहून दुपारी हजर व्हायलाही सांगतात. फोनवर पाच दिवसांचे गजर लावून टाका.

या आठवड्यात विमानप्रवास नको, तुमच्यावाचून अडेल असा डेमो नको, आणि ऑन-कॉल कुणाशी तरी बदलून घ्या. रोजची कामं अशी लावा की सकाळी सहकाऱ्याला एका निरोपावर सोपवता येतील. चालू कामाची एक पानभर नोंद त्याच्याकडे आधीच द्या: काय अडलंय, कुणाला विचारायचं, पासवर्ड कुठे आहेत. नोंद लिहायला अर्धा तास जातो, पण कोर्टात बसल्यावर मन शांत राहतं.

7. कोर्टाच्या दिवशी काय न्यायचं

- समन्स, बारकोडच्या भागासह
- फोटो असलेलं ओळखपत्र
- पार्किंगबद्दल समन्सवर दिलेली सूचना, मोबाइलवर फोटो काढून
- लॅपटॉप किंवा पुस्तक, चार्जर
- स्वेटर किंवा शाल, कारण कोर्टरूम गार असतात
- डबा आणि पाणी
- हार्डशिपसाठी, म्हणजे खऱ्या अडचणीमुळे सूट मागण्यासाठी, काही सांगायचं असेल तर त्याचे कागद: डॉक्टरांचं पत्र, तिकिटं, मालकाचं पत्र

दारात विमानतळासारखी तपासणी असते. डब्यात फळं कापायची छोटी सुरी, पर्समधली कात्री, स्विस नाइफ ही चीजवस्तू घरीच ठेवा. सकाळी साडेसातला तिथे लांब रांग लागलेली असते आणि हातात सुरी घेऊन परत गाडीपर्यंत जायचं म्हणजे रांगेतला नंबर गेला. कपडे ऑफिसला घालतो तसे चालतात. हाफ पँट आणि टोपी नको.

आत मोठ्या हॉलमध्ये बसवतात, बारकोड तपासतात, एक माहितीपट दाखवतात, आणि मग वाट पाहणं सुरू होतं. इथे लॅपटॉपवर काम करता येतं. पण गोपनीय कॉल घेण्याजोगी जागा ती नाही. शेजारी खांद्याला खांदा लावून माणसं बसलेली असतात. क्लार्क अधूनमधून नावं किंवा बिल्ल्याचे क्रमांक पुकारते. हेडफोन दोन्ही कानांत घालू नका. आपली आडनावं तिथे वेड्यावाकड्या उच्चारांत पुकारली जातात आणि पहिल्या झटक्यात ओळखू येत नाहीत, म्हणून क्रमांक पाठ ठेवा.

कॅलिफोर्नियात 'एक दिवस किंवा एक खटला' अशी पद्धत आहे. दिवस संपेपर्यंत कोणत्याही कोर्टरूममध्ये पाठवलं नाही, तर त्या दिवसावर काम संपतं आणि किमान वर्षभर पुन्हा बोलावणं नाही.

8. कोर्टरूममध्ये निवड कशी होते

गटाला कोर्टरूममध्ये नेलं की शपथ किंवा प्रतिज्ञा होते. न्यायाधीश खटला फौजदारी आहे की दिवाणी आणि अंदाजे किती दिवस चालेल ते सांगतात. मग विचारतात की एवढे दिवस देण्यात कुणाला खरी अडचण आहे का. हार्डशिपचं बोलणं इथेच होतं. खटला तीन आठवड्यांचा असेल आणि तुमचं तिकीट दुसऱ्या आठवड्यातलं असेल, तर आत्ताच सांगा. नंतर सांगितलं तर सगळ्यांचा वेळ जातो.

मग प्रश्नोत्तरं: कुठे राहता, काय काम करता, घरातले काय करतात, नात्यात पोलिस किंवा वकील आहे का, कधी गुन्ह्याचे बळी ठरलात का. प्रश्न खासगी वाटला तर 'हे मला सगळ्यांसमोर सांगायचं नाही, एकांतात बोलता येईल का' असं विचारता येतं. घरगुती हिंसाचारासारखा अनुभव असेल तर ही मुभा जरूर वापरा.

काही प्रश्न आपल्याला थबकायला लावतात. पोलिसाची साक्ष इतर कुठल्याही साक्षीदाराच्या साक्षीसारखीच तोलाल का? आरोपी साक्ष द्यायला उभाच राहिला नाही, तर 'काहीतरी लपवतोय' असं तर मनात आणणार नाही ना? न्यायाधीशांनी विचारलं की मान हलवून 'येस, युअर ऑनर' म्हणून टाकायची सवय आपल्यात खोल आहे. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं! पण इथे त्यांना हवं आहे तुमचं खरं उत्तर. 'मला याचा विचार करावा लागेल' हेही चालतं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा.

उलट टोकाचा सापळा म्हणजे सुटण्यासाठी मुद्दाम पक्षपाताचं सोंग घेणं. तुम्ही शपथेवर बोलत असता. अशी सोंगं न्यायाधीश रोज पाहतात, आणि तुमच्यासमोर एक माणूस बसलेला असतो ज्याचं आयुष्य त्या खटल्यावर टांगलेलं असतं.

न्यायाधीश योग्य कारणाने कुणालाही वगळू शकतात. त्याखेरीज दोन्ही बाजूंच्या वकिलांना कारण न देता काही जणांना वगळता येतं. गंभीर फौजदारी खटल्यांत बहुधा प्रत्येक बाजूला अशी 10 नावं मिळतात. तुम्हाला वगळलं तर मनाला लावून घेऊ नका. मात्र एक गोष्ट आपल्या लोकांनी आवर्जून माहीत करून घ्यावी. 2022 पासून फौजदारी खटल्यांसाठी लागू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार वंश, राष्ट्रीय मूळ, धर्म अशा कारणांनी वकिलाला ज्युरर वगळता येत नाही. इंग्रजी ही मातृभाषा नसणं किंवा दुसरी भाषा येणं ही कारणं तर मुळातच अवैध मानली जातात. तेव्हा 'माझे उच्चार असे, मला कोण घेणार' असं म्हणत आधीच मागे सरू नका.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, ते सांगते. 1908 साली मुंबईत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरी नऊ जणांची होती: सात युरोपियन आणि दोन पारशी. 'केसरी'तले मराठी लेख त्यांच्यासमोर इंग्रजी भाषांतरांतून आले. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडलं गेलं. ज्युरीत कोण बसलं आहे यावर काय काय ठरतं, हे आपण शाळेच्या पुस्तकात शिकलो आहोत. आज कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्यात दोषी ठरवायला बाराच्या बारा ज्युरर लागतात. 2020 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांसाठी हे एकमत साऱ्या देशात बंधनकारक केलं. त्या बारांत आपल्या वस्तीतलं, आपल्यासारखं कुणी असावं असं वाटत असेल, तर आपण जायला हवं.

9. निवड झाली तर

त्याच संध्याकाळी मॅनेजरला कळवा: मी ज्युरीवर आहे, खटला अंदाजे अमुक दिवस चालेल, कोर्टाच्या वेळा अमुक. एवढंच. खटला कशाबद्दल आहे हे सांगायचं नाही, नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. घरी हे सगळ्यांत अवघड जातं. 'संपल्यावर सगळं सांगेन' असं पहिल्याच दिवशी सांगून मोकळे व्हा.

गूगल करायचं नाही. माणसाचं नाव नाही, रस्त्याचा नकाशा नाही, औषधाचं नाव नाही, कायद्यातला शब्द नाही, एआयला विचारणंही नाही. घटनास्थळी गाडी वळवून बघून यायचं नाही. आपल्यातले बरेच जण इंजिनिअर, आणि शंका आली की शोधायचं हा हाताला लागलेला चाळा. तो तेवढ्या दिवसांपुरता थांबवावाच लागतो, कारण एका शोधामुळे अख्खा खटला रद्द होऊ शकतो. शंका असेल तर नोंदवहीत लिहा. नोंदी घ्यायची परवानगी असते आणि ती वही कोर्टातच राहते. साक्षीदाराला विचारायचा प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांकडे देता येतो.

रात्री जागून ऑफिसचं सगळं काम उरकायचा हट्ट धरू नका. साक्ष ऐकायला डोकं ताजं लागतं. संध्याकाळी एक तास फक्त अडलेल्या गोष्टींसाठी ठेवा आणि बाकीचं सहकाऱ्यांवर सोडा. 'शुक्रवारी मी मोकळी आहे' असं टीमला ठामपणे सांगू नका. ज्युरीची आपसातली चर्चा किती चालेल हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि सोमवारच्या मीटिंगसाठी घाईने मत देणं हा त्या आरोपीवर अन्याय आहे.

चर्चेच्या खोलीत आपण बुजतो. भराभर बोलणारे दोघं-तिघं पहिला तास व्यापून टाकतात. तुमच्या वहीत एखादी नोंद असेल तर ती वाचून दाखवा. साक्षीतला एखादा भाग पुन्हा ऐकायचा असेल तर ज्युरीच्या प्रमुखामार्फत चिठ्ठी पाठवून मागता येतो. दिवाणी खटल्यात बारांपैकी नऊ जणांचं मत पुरतं, फौजदारीत नाही.

10. पैसे

राज्य न्यायालयात पहिल्या दिवसाचा भत्ता नाही. दुसऱ्या दिवसापासून दिवसाला 15 डॉलर आणि प्रवासासाठी मैलाला 34 सेंट. पूर्ण पगार घेणाऱ्या सरकारी नोकरांना हा 15 डॉलरचा भत्ता मिळत नाही. फेडरल कोर्टात दिवसाला 50 डॉलर मिळतात. भत्ता करपात्र उत्पन्नात धरतात, पण तो कंपनीला परत द्यावा लागला असेल तर टॅक्स रिटर्नमध्ये तेवढी वजावट घेता येते.

11. संपल्यावर

खटला संपल्यावर वकील बाहेर गाठून 'तुम्ही असं का ठरवलंत' म्हणून विचारू शकतात. बोलायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर आहे. नको असेल तर तसं सांगून चालू लागा.

निघताना ज्युरी विभागातून हजेरीचं प्रमाणपत्र मागून घ्या. काही ठिकाणी ते वेबसाइटवरूनही काढता येतं. त्यावर सगळ्या तारखा आहेत ना ते तिथेच पाहा. एक प्रत एचआरला, एक स्वतःकडे. टाइमशीटवर त्या दिवसांना 'ज्युरी ड्यूटी' असाच कोड लावा. तो न सापडल्यामुळे रजेतून दिवस वळते झालेले पुढच्या पगारपत्रकात दिसतात, आणि ते लगेच दुरुस्त करून घ्यावे लागतात.

वर्षाच्या आत पुन्हा समन्स आलं तर चिडू नका. यादीतून नावं आपोआप निघतात, आणि राज्य व फेडरल कोर्टांच्या याद्याही वेगळ्या आहेत. राज्य न्यायालयाचं असेल तर मागच्या हजेरीची तारीख देऊन माफीच्या पर्यायावर खूण करा आणि प्रमाणपत्राचा फोटो जोडा.